मागच्या चाकाचं स्प्रॉकेट : दीडशे वर्षांचं गणित

सायकलला इंजिन बसवून रानात जाणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे मागच्या चाकाच्या तारा तुटतात. इंजिनाला नावं ठेवण्याआधी चाकाचा इतिहास बघू.

बैलगाडीचा आरा दाबाखाली वजन पेलतो. सायकलच्या तारेचं उलटं आहे. ती ओढ सोसते, वाक सोसत नाही. 1874 मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्लेनं तिरप्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. हब फिरला की तिरपी तार रिमला ओढून नेते. 1885 मध्ये त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ले यानं 'रोव्हर' सायकल काढली आणि पायडलचा जोर चेननं मागच्या हबला दिला. म्हणजे जोराची वाट ठरली : आधी हब, मग तारा, मग रिम.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सोइचिरो होंडानं लष्कराच्या वायरलेस जनरेटरची उरलेली इंजिनं सायकलींना बसवली. 1947 च्या त्याच्या ए-टाइप इंजिनात मागचं चाक पट्ट्यानं फिरायचं.

आजच्या किटमध्ये चेन असते. साध्या सायकलच्या हबला फ्रीव्हीलचे आटे उजव्या बाजूलाच असतात, आणि इंजिनाची चेन येते डावीकडून. तिथं आटे नाहीत. म्हणून किटवाल्यांनी जुगाड केला : तारांच्या आत-बाहेर रबराच्या चकत्या, आतून लोखंडी पट्ट्या आणि नऊ बोल्ट. स्प्रॉकेट बहुधा 44 दात्यांचं. इथं वाट उलटी झाली. जोर हबऐवजी थेट तारांच्या पोटात शिरतो, तार वाकते आणि शेवटी तुटते.

यावर खरा उपाय म्हणजे हबवरच आवळणारा दोन फाकांचा क्लॅम्प. हबचा व्यास व्हर्नियरनं मोजूनच तो घ्यायचा, किंवा लेथवर करून घ्यायचा. रबरच वापरणार असाल तर बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. चाक फिरवून स्प्रॉकेटचा आऊट काढा. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा. चेन उतरून चाकात अडकली तर चाक जागेवर जाम होतं, आणि मागं दुधाची किटली असेल तर माणूस वाचणं महत्त्वाचं.

आणखी एक. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असेल तरच सूट आहे. किटची बरीच इंजिनं त्याहून मोठी असतात. घेण्याआधी सीसी विचारा.