झबल्या-टोपड्यापासून मफलरपर्यंत : हातविणीची लोकरीची भेट

दोन सुया आणि लोकरीचा एक अखंड धागा एवढ्या साहित्यावर उभी राहणारी कला म्हणजे विणकाम. मराठीत ‘विणणे’ हे क्रियापद मागावरच्या कापडालाही चालते आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. पण दोहोंची रचना वेगळी आहे. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांना छेद देतात. धनगरी घोंगडे असे मागावर विणले जाते. सुयांवरच्या विणीत मात्र एकाच धाग्याचे वेटोळे दुसऱ्या वेटोळ्यातून ओढून काढलेले असते. म्हणून ती वीण ताणते आणि सोडताच पूर्ववत होते. डोक्यावर घट्ट बसणारी आणि तरीही न टोचणारी टोपी याच गुणामुळे शक्य होते.

गोव्याच्या हवेत लोकर हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पणजीत डिसेंबर-जानेवारीतही पहाटेचे तापमान साधारणपणे २० अंशांच्या आसपासच राहते. तरीही येथील घरांतून सुया चालतात, कारण विणले जाते ते बहुधा दूरच्या माणसासाठी : लिस्बन, लंडन वा टोरँटोला गेलेल्या मुलांसाठी, बोटीवरच्या भावासाठी, ग्वाल्हेर-इंदूरकडच्या नातेवाइकांसाठी, आणि कोणत्याही हवामानात जन्मणाऱ्या तान्ह्या बाळासाठी. ज्याला भेट द्यायची त्याचे डोके, मान, त्वचा आणि तेथील हवा विचारात घेऊनच विणायला बसावे लागते. हा विचार न केलेली भेट कितीही सुबक असली तरी कपाटातच राहते. आणि बाळाच्या बाबतीत तर ती अपायकारकही ठरू शकते. पुढील माहिती त्या दृष्टीने दिली आहे.

थोडा इतिहास

सुयांवरच्या विणीचे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले असून ते मध्ययुगीन सुती मोज्यांचे आहेत. युरोपात ही कला पुढे मोठा व्यवसाय झाली. इंग्लंडमध्ये १५७१ साली चक्क टोपीचा कायदा झाला. उच्चकुलीन मंडळी वगळता सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी व सणाच्या दिवशी देशात बनलेली लोकरी टोपी घालावी, असा तो नियम होता. टोपी विणणाऱ्या कारागिरांचा धंदा टिकावा हा त्यामागील हेतू. हा कायदा १५९७ मध्ये रद्द झाला. तत्पूर्वी, १५८९ मध्ये, विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले होते. यंत्राच्या विणीचा आरंभ तेथून मानतात.

आपल्याकडे ‘माकडटोपी’ म्हणून ओळखली जाणारी, डोके, कान आणि गळा झाकून चेहरा तेवढा उघडा ठेवणारी टोपी इंग्रजीत ‘बालाक्लाव्हा’ म्हटली जाते. हे नाव क्रिमियातील बालाक्लाव्हा या गावाचे. क्रिमियन युद्धात १८५४ साली तेथे लढाई झाली होती, आणि त्या युद्धात थंडीने गारठलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी मायदेशातून विणलेले लोकरी कपडे पाठवले गेले होते.

भारतात सुयांवरचे विणकाम मुख्यतः एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा आणि युरोपीय स्त्रियांच्या सहवासातून पसरले. पुढे मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम हा विषय आला आणि उलट-सुलट टाके घरोघरी पोहोचले. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशभरातील स्त्रियांनी सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर, मफलर आणि मोजे विणून पाठवले. ज्याचे तोंडही पाहिलेले नाही अशा माणसासाठी विणल्याचे ते एक ठळक उदाहरण होय.

लोकरीची निवड

बाजारात ‘लोकर’ या नावाने मिळणारा बराचसा धागा प्रत्यक्षात ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम असतो. वर्धमान, ओसवाल यांसारखी लुधियानाची नावे विणणाऱ्यांच्या परिचयाची आहेत. धाग्याच्या लडीवर किंवा गुंड्यावर कागदी पट्टी असते. तिच्यावर घटक, सुईचा क्रमांक आणि रंगाचा लॉट नोंदलेला असतो. एका वस्तूसाठी लागणारा सारा धागा एकाच लॉटचा घ्यावा. दुकानात सारखे दिसणारे दोन लॉट विणून झाल्यावर उन्हात वेगळे दिसतात.

खरी लोकर ऊब धरते आणि ओलसर झाली तरी बऱ्याच अंशी उबदार राहते. कडक थंडीच्या देशात तीच उपयोगी. मात्र जाड तंतूंची टोके त्वचेला टोचतात. साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतू असले की ही टोच जाणवू लागते. दख्खनी मेंढीची लोकर घोंगड्याला उत्तम, पण गळ्याला लागणाऱ्या मफलरसाठी ती फार राठ ठरते. मेरिनो मेंढीची लोकर बारीक व मऊ असते. ॲक्रिलिक स्वस्त, रंगाला पक्के आणि धुण्यास सोपे. परंतु घाम शोषत नाही. गोव्यासारख्या दमट हवेतल्या बाळासाठी सुती धागा सर्वांत बरा. केमोथेरपीमुळे केस गेलेल्या स्नेह्यासाठी टोपी विणायची असेल तर अतिशय मऊ सुती धागा घ्यावा आणि शिवण बाहेरच्या बाजूस येऊ द्यावी. त्या अवस्थेत टाळूला बारीकशी गाठही सलते.

सुया आणि नमुना

आपल्याकडे सुयांचे जुने ब्रिटिश क्रमांक चालतात. त्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५ मिलिमीटर आणि १२ नंबरची २.७५ मिलिमीटर जाडीची असते.

विणण्यापूर्वी १० सेंटिमीटरहून थोडा मोठा चौकोनी नमुना विणावा, धुऊन वाळवावा आणि त्यातील १० सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती ओळी बसतात ते मोजावे. प्रत्येकाचा हात वेगळा : कोणी घट्ट विणतो, कोणी सैल. दुसऱ्याने लिहून दिलेली टाक्यांची संख्या आपल्या हाताला लागू पडेलच असे नाही. मध्यम जाडीची लोकर ८ नंबर सुईवर विणल्यास बहुधा १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी येतात. पुढील हिशेब त्यावर आधारलेला आहे.

डोक्याची मापे

कपाळावरून, कानांच्या किंचित वरून आणि मागच्या फुगीर भागावरून फीत फिरवून माप घ्यावे. माप मिळणे अशक्य असल्यास पुढील सर्वसाधारण मापे वापरावीत :

– पूर्ण दिवसांचे नवजात बाळ : घेर ३३ ते ३५ सेंमी., टोपीची उंची १३ ते १४ सेंमी.
– सहा महिने : घेर सुमारे ४३ सेंमी., उंची १६ सेंमी.
– एक वर्ष : घेर सुमारे ४६ सेंमी., उंची १७ सेंमी.
– तीन वर्षे : घेर सुमारे ४९ सेंमी., उंची १८ ते १९ सेंमी.
– प्रौढ स्त्री : घेर ५४ ते ५७ सेंमी., उंची २० ते २१ सेंमी.
– प्रौढ पुरुष : घेर ५६ ते ६० सेंमी., उंची २१ ते २३ सेंमी.

टोपी डोक्याच्या मापाबरहुकूम विणली तर ती सैल होऊन डोळ्यांवर येते. वीण ताणते, म्हणून प्रौढांसाठी घेरातून सुमारे ४ सेंटिमीटर आणि तान्ह्यासाठी २ ते ३ सेंटिमीटर वजा करावेत.

प्रौढांच्या टोपीचा हिशेब

डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर धरू. त्यातून ४ वजा जाता ५२ उरतात. १० सेंटिमीटरला २२ टाके या प्रमाणाने ५२ सेंटिमीटरला सुमारे ११४ टाके होतात. ‘दोन सुलट, दोन उलट’ अशा काठासाठी चारच्या पटीत दोन मिळवून येणारी संख्या लागते. ११४ ही तशीच संख्या आहे.

११४ टाके घालून पहिली ओळ दोन सुलट, दोन उलट अशी विणावी. शेवटी दोन सुलट उरतील. दुसरी ओळ दोन उलट, दोन सुलट अशी सुरू करावी. असा ५ सेंटिमीटर काठ झाला की एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणत एकूण उंची १२ सेंटिमीटरपर्यंत न्यावी.

आता टाके कमी करायचे. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीसाठी सोडून उरलेल्या ११२ टाक्यांचे १४-१४ चे आठ भाग पाडावेत. प्रत्येक सुलट ओळीत प्रत्येक भागाच्या अखेरचे दोन टाके एकत्र विणावेत. मधल्या उलट ओळी साध्या विणाव्यात. एका सुलट ओळीत आठ टाके कमी होतात. तेरा वेळा असे केल्यावर प्रत्येक भागात एक आणि कडांचे दोन असे दहा टाके उरतात. धागा हातभर ठेवून तोडावा, जाड सुईत ओवून या दहाही टाक्यांतून काढावा, घट्ट ओढावा आणि त्याच धाग्याने कड शिवावी. टोपी सुमारे २१ सेंटिमीटर उंच होते. साधारणपणे ६० ते ८० ग्रॅम लोकर लागते.

मफलर

मफलरला माप सोपे, पण वेळ अधिक. सर्वसाधारण मफलर २० सेंटिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर लांब असतो. वरच्या प्रमाणाने ४४ टाके आणि सुमारे ४५० ओळी, म्हणजे जवळजवळ वीस हजार टाके. मिनिटाला वीस टाके विणणाऱ्या हातालाही सोळा-सतरा तास लागतात. लोकर १५० ते २०० ग्रॅम घ्यावी.

नवशिक्याची नेहमीची चूक येथे होते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण समोरून गुळगुळीत दिसते, परंतु तिच्या कडा आत गुंडाळतात आणि मफलरची नळी होते. टोपीत काठ आणि शिवण तिला धरून ठेवतात. मफलरमध्ये तसे काही नसते. म्हणून मफलरसाठी सर्व ओळी सुलट विणाव्यात, किंवा दोन सुलट दोन उलट अशी वीण घ्यावी. या विणी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात आणि सपाट राहतात. सर्व ओळी सुलट विणल्यास ओळी दाट बसतात, त्यामुळे त्याच लांबीला अधिक ओळी आणि अधिक लोकर लागते.

दुचाकीवर फिरणाऱ्यासाठी लांब टोकांचा मफलर विणू नये. नर्तिका इझाडोरा डंकन हिचा १९२७ साली नीस येथे मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकून मृत्यू झाला. आपल्याकडेही ओढणी चाकात गुंतून अपघात घडतात. अशा माणसासाठी ६० सेंटिमीटरची पट्टी विणून तिची टोके जोडावीत. डोक्यावरून घालता येईल असा गळपट्टा तयार होतो आणि ऊबही तेवढीच मिळते. लहान मुलांनाही लांब मफलरऐवजी हाच द्यावा.

तान्ह्या बाळासाठी

बारशाला झबले-टोपडे आणि कुंची देण्याची, तसेच पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळे कपडे शिवण्याची आपली रीत आहे. त्या जोडीला विणलेली टोपी देणे स्वाभाविकच. नवजाताचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि तेथून बरीच उष्णता जाते. म्हणून जन्मानंतर लगेच, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, टोपी घालतात. ३५ सेंटिमीटर घेरासाठी बारीक धागा आणि १० नंबरच्या सुया घेतल्यास (१० सेंटिमीटरला २८ टाके) ९० टाके पुरतात.

येथे काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. हनुवटीखाली बांधायची नाडी लावू नये. ती गळ्याभोवती आवळण्याचा धोका असतो. मणी, बटणे आणि सैल गोंडे टाळावेत, कारण ते सुटून तोंडात जाऊ शकतात. धाग्यांची टोके आत नीट गुंतवून टाकावीत. घरी आलेल्या निरोगी बाळाला झोपताना टोपी घालू नये. ती चेहऱ्यावर सरकू शकते आणि बाळाला अतिउष्णतेचा त्रास होऊ शकतो. आपल्या हवेत ही टोपी थंड प्रदेशातल्या प्रवासासाठी आणि वातानुकूलित जागेसाठी राखावी.

जपणूक

दमट हवेत लोकरीचे दोन शत्रू : बुरशी आणि कसर. कसर खऱ्या लोकरीवर वाढते. घामाचे व अन्नाचे डाग तिला विशेष आकर्षित करतात. म्हणून विणलेली वस्तू धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि अधूनमधून उन्हात झटकावी.

डांबरगोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांत कधीही ठेवू नयेत. काही बाळांत जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे अशा बाळाला घातल्यास त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. आजीने वर्षानुवर्षे जपलेले टोपडे नातवाला घालण्यापूर्वी त्याला डांबरगोळ्यांचा वास येतो का, हे अवश्य पाहावे. येत असल्यास ते वापरू नये.

खरी लोकर थंड पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवावी. गरम पाणी आणि चोळणे यांनी तंतू एकमेकांत अडकून टोपी आखडते, आणि ती पुन्हा मोठी होत नाही. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावल्यास वीण कायमची ढिली पडते.

भेट देताना

भेटीसोबत लोकरीवरची कागदी पट्टी आणि हातभर उरलेला धागा अवश्य द्यावा. पट्टीवरून धुण्याची रीत कळते आणि टाका उसवल्यास त्याच रंगाच्या धाग्याने तो सांधता येतो. दूरदेशी पाठवताना तेथील थंडी किती, कोट कोणत्या रंगाचा, लोकर त्वचेला सोसते का, हे आधी विचारून घ्यावे. अचानक दिलेल्या भेटीचा आनंद त्यामुळे थोडा उणावेल. परंतु हिवाळाभर अंगावर राहणाऱ्या टोपीचे मोल त्याहून अधिक. यंत्रावर विणलेली टोपी बाजारात कमी पैशांत आणि तयार मिळते. हातविणीची टोपी त्याच एका माणसाच्या मापाची असते, आणि म्हणून माप विचारायला संकोच करू नये.