पाण्याची वाट

ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मोटारीने मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. त्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, म्हणून खानावळी, विहिरी, ओढे, जिथे मिळेल तिथे थांबून ते भरावं लागे. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असा पाणी शोधत झाला!

यावर खरा उतारा विल्हेल्म मायबाख यांनी काढला. 1900 च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज 35 एचपी गाडीच्या रेडिएटरमध्ये 8,070 बारीक चौकोनी नळ्या होत्या. मधाच्या पोळ्यासारख्या या जाळीतून वारा जाई. त्यामुळे नऊ लिटर पाण्यात काम भागू लागलं. आधी याच्या दुप्पट लागे.

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या फियाट ज्यांनी पाहिल्या, त्यांना या नऊ लिटरांचं मोल वेगळं सांगायला नको.

पुढे इंजिनाच्या ऑइलची उष्णताही याच पाण्यावर सोपवली गेली. अनेक गाड्यांच्या ऑइल कूलरमध्ये ऑइल आणि कूलंट, म्हणजे हेच थंड करणारं पाणी, शेजारशेजारून वाहतात, मध्ये फक्त पातळ धातू आणि रबरी सील. सील बाहेरच्या बाजूने गेलं, तर कूलंट गळताना दिसतं. आतून गेलं, तर इंजिन चालू असताना जास्त दाबाचं ऑइल कूलंटमध्ये शिरतं आणि कूलंटच्या टाकीत तपकिरी साय धरते. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, गरम कूलंटचा मात्र टिकतो, आणि गळती उलट्या दिशेने सुरू होते: कूलंट ऑइलमध्ये शिरतं. तेव्हा नुसतं कूलंट भरत राहणं इंजिनाच्या बेअरिंगांवर बेततं. सील किंवा कूलर बदलून दोन्ही वाटा धुवाव्याच लागतात.