म्हसवडला कंठ फुटला

श्रोतेहो, रेडिओच्या लहरींचा धनी कोण? त्या जनतेच्या मालकीच्या, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पण नुसत्या निवाड्याने का गावाला कंठ फुटतो? परवाना हवा! तो २००२ साली शिक्षणसंस्थांना खुला झाला. २००६ साली स्वयंसेवी संस्थांना.

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड हे लहानसे गाव. बाया निरक्षर, म्हणून त्यांच्या बँकेचा अर्ज आधी फेटाळला गेला. त्या अक्षरे शिकल्या; १९९७ साली बँक उभी राहिली. त्याच माणदेशी चळवळीतून २००८ साली ‘माणदेशी तरंग’ वाहिनी बोलू लागली.

अशा लहान केंद्राचा आवाज थोडेच कोस पोचतो. पण ऐकणारेच तिथे बोलणारे होतात. गुरुजी, सनावळी शिकवताना म्हसवडही मुलांना सांगा की!