तिरानातलं पानांचं घर

आल्बेनिया निवडला तो स्वस्त म्हणून. पॅरिसच्या बजेटमध्ये आपला तिरानात निवांत आठवडा निघतो. तिथे ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलसमोर वेलींनी झाकलेली एक जुनी इमारत आहे, ‘पानांचं घर’. १९३१ साली बांधलेलं हे देशातलं पहिलं खासगी प्रसूतिगृह. पुढे जर्मन आले आणि ते गेस्टापोकडे गेलं. त्यानंतर हुकूमशहा एन्व्हर होजाच्या ‘सिगुरिमी’ या गुप्त पोलिसांनी १९९१पर्यंत इथूनच लोकांची बोलणी ऐकली. २०१७पासून संग्रहालय आहे.

होजाचं सोव्हिएत संघाशी १९६१मध्ये बिनसलं, चीनशी १९७८मध्ये. बाहेरच्या शत्रूसाठी त्यानं देशभर काँक्रीटचे बंकर बांधले. तो शत्रू आलाच नाही. पर्यटक फोटो त्यांचेच काढतात. मी मात्र इथल्या मायक्रोफोन आणि टेप रेकॉर्डरपाशी रेंगाळलो. लॉग तपासणं माझं रोजचं काम, पण इथे लॉगमध्ये कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या गप्पा होत्या. यंत्र पोचत नसे तिथे खबरे असत, कधी शेजारी, कधी ऑफिसातला सहकारी.

२०१५च्या कायद्यानं आता अर्ज करून स्वतःची फाईल वाचता येते. आपल्यावर कोणी नजर ठेवली, हे कळायचा तो एक रस्ता. नजर ठेवणारा अजून त्याच गल्लीत राहत असेल, तरीही.