फ्रीमेसन बंधुसंघातील प्रवेशाच्या वैयक्तिक प्रेरणा : एकोणिसाव्या शतकातील भारतातील काही उदाहरणे

प्रस्तावना

संस्थांचा इतिहास लिहिताना स्थापना, नियम, पदाधिकारी व कार्य यांची नोंद केली जाते. परंतु एखादी व्यक्ती त्या संस्थेत का गेली, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. फ्रीमेसन बंधुसंघाच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते. लंडनमधील पहिले ग्रँड लॉज परंपरेनुसार १७१७ मध्ये स्थापन झाले आणि १७३० च्या सुमारास कलकत्त्यात या संघाचा प्रवेश झाला. आपण स्वेच्छेने, कोणाच्या आग्रहावाचून आणि द्रव्यलाभाची अपेक्षा न धरता येत आहोत, असे प्रत्येक प्रवेशेच्छूस जाहीर करावे लागे. परिणामी कागदोपत्री सर्वांचा हेतू एकच दिसतो. म्हणून हेतूचा शोध प्रतिज्ञेच्या शब्दांत न घेता व्यक्तीच्या कृतीत घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात चार उदाहरणांच्या आधारे असा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

समतेची मागणी : माणकजी करसेटजी

मुंबईतील पारशी सुधारक माणकजी करसेटजी (१८०८-१८८७) यांना मुंबईतील युरोपियनांच्या लॉजने प्रवेश नाकारला. इंग्लंडला गेल्यावर तेथेही त्यांना यश आले नाही. अखेर पॅरिसमधील एका लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. मुंबईस परतल्यावरही जुन्या लॉजचे दार उघडले नाही. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांसाठी स्थापन झाले.

केवळ ओळखीपाळखी वाढविण्यासाठी कोणी इतका द्राविडी प्राणायाम करीत नाही. सर्व मानव बंधू आहेत, असे म्हणणाऱ्या संघाने आपले वचन पाळावे, ही मागणी या प्रयत्नांमागे दिसते. माणकजींनी पुढे १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. बंद दारांविषयीची त्यांची अस्वस्थता एका क्षेत्रापुरती नव्हती, हे यावरून ध्यानात येते. याच लॉजमध्ये पुढे खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे विद्वान आले. १९०७ मध्ये मेसन बंधूंनी त्यांच्या गौरवार्थ ग्रंथ प्रसिद्ध केला.

हक्क आणि उपयोग : दत्त व नरेंद्रनाथ

कलकत्त्यातील प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला. त्यांना प्रवेश मिळण्यास १८७२ साल उजाडले. हिंदू मनुष्य एका परमेश्वरास मानतो काय, जातिबंधने पाळणारा मनुष्य बंधूंच्या पंक्तीस बसेल काय, असे आक्षेप घेण्यात आले. नऊ वर्षे टिकलेला आग्रह हा सभासदत्वापेक्षा स्वधर्मीयांच्या पात्रतेविषयीचा आग्रह होता, असे म्हणता येईल.

बारा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १८८४ रोजी, कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील स्वामी विवेकानंद, यांनी दीक्षा घेतली. वकिली व्यवसायातील वडिलांनी मुलास पुढील आयुष्यात उपयोग व्हावा म्हणून हा मार्ग सुचविला, असे चरित्रपरंपरा सांगते. लगेच त्याच महिन्यात वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबावर आर्थिक अरिष्ट कोसळले. द्रव्यलाभाची अपेक्षा नाही, ही प्रतिज्ञा आणि मुलाच्या भवितव्याची पित्यास वाटणारी काळजी यांतील अंतर येथे स्पष्ट होते. हे अंतर म्हणजे ढोंग नव्हे. मध्यमवर्गीय जीवनातील ती सर्वसामान्य गरज होती.

सोबतीची ओढ : रड्यार्ड किपलिंग

मुंबईत जन्मलेला किपलिंग लाहोरच्या वृत्तपत्रात काम करीत असताना १८८६ मध्ये तेथील ‘होप अँड पर्सिव्हिअरन्स’ लॉजचा सभासद झाला. किमान वय एकवीस असताना विसाव्या वर्षी त्यास सवलत मिळाली, कारण लॉजला चिटणीस हवा होता. म्हणजे येथे गरज दोन्ही बाजूंची होती. पुढे त्याने भिन्नधर्मीय बंधूंनी आपणास दीक्षा दिल्याचे लिहिले. परंतु लॉजच्या नोंदींशी त्याचे हे कथन पूर्णतः जुळत नाही. वर्णभेदाने विभागलेल्या शहरात जी सोबत त्यास हवी होती, ती स्मृतीने अधिक ठळक केली असावी. आत्मकथनातील हेतू हा प्रवेशाच्या क्षणाचा नसून लेखनाच्या क्षणाचाही असतो, हे इतिहासलेखकाने ध्यानी घेणे आवश्यक आहे.

एक तुलना

मुंबईतच १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी यांची परमहंस मंडळी गुप्तपणे सुरू झाली. तेथे परजातीयाच्या हातचा पाव खाऊन प्रवेश मिळे. मेसन लॉजमध्ये मनुष्य वरिष्ठांच्या पंक्तीत जागा मागत होता. परमहंस मंडळीत तो स्वतःचे वरिष्ठत्व सोडत होता. पहिल्यात नकाराची भीती होती, दुसऱ्यात बहिष्काराची. गुप्तता दोहोंत होती, पण तिची किंमत सारखी नव्हती.

निष्कर्ष

मान, उपयोग आणि सोबत या तीन प्रेरणा उपरोक्त उदाहरणांत कमी-अधिक प्रमाणात आढळतात व त्या परस्परांत मिसळलेल्या आहेत. ज्यास सहज प्रवेश मिळाला, त्याच्या हेतूविषयी कागदपत्रे मौन पाळतात. ज्यास अडविले गेले, त्याचा हेतू त्याच्या खटाटोपातून प्रकट होतो. म्हणून बंधुसंघांच्या अभ्यासात सभासदांच्या याद्यांइतकेच महत्त्व नाकारलेल्या अर्जांना दिले गेले पाहिजे. बंधुत्वाच्या घोषणेची खरी कसोटी तिच्या उंबरठ्यावरच लागलेली आढळते.