बोअर कुठला घ्यायचा

आमच्या घरात बारा बोअरची बंदूक आली ती १९६४ साली, दिवाळीनंतर. मी तेव्हा सहावीत होतो. पण बंदूक यायच्या आधी सहा-सात महिने आमच्या ओसरीवर नुसतं तिच्यावर बोलणं चाललं होतं. कुणाच्या घरी पोरगी बघायला जायच्या आधी बोलतात तसं. कुठल्या घराण्याची, किती लांब, खर्च किती.

आमची वाडी फलटणहून दहिवडीकडे जाताना, मोगराळ्याच्या घाटाच्या अलीकडं, दुधेबावीच्या अंगाला. फलटण तालुका म्हटला की लोकांना ऊस आठवतो. तो नीरेच्या उजव्या कालव्याखाली. आमच्याकडं कालव्याचं पाणी नाही, नुसता माळ. बाजरी, हुलगा, मटकी, पाऊस झालाच तर ज्वारी. माळावर मेंढरं, आणि मेंढरामागं लांडगा.

घरात आधी एक ठासणीची होती. आज्जाची, संस्थानाच्या वेळची. फलटण संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात गेलं. मालोजीराजे नंतर त्या राज्यात मंत्री झाले. आज्जा मात्र मरेस्तोवर ‘आपल्या राज्यात’ असंच म्हणायचा. ती बंदूक भरायची म्हणजे एक कार्यक्रमच होता. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजानं ठासायचं. एवढं होईपर्यंत लांडगा दोन माळ पलीकडं. एकदा अंधारात आज्जानं दारू दोनदा भरली. नळी मुळाशी फाटली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांनी तो तंबाखू मळायचा. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नसे, पण तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, ते रोज दिसत होतं.

म्हणून तात्यांनी ठरवलं, नवी घ्यायची. परवाना एक, पैसा एका बंदुकीपुरता, आणि काम तीन जनावरांचं: बाजरीत डुकरं, वस्तीवर कोल्हा, माळावर लांडगा. तिन्हीला चालेल असं एकच हत्यार पाहिजे होतं.

वाडीत एक हवालदार होते, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. सातारा जिल्ह्यात अशी माणसं गावोगाव. ते म्हणायचे, “थ्री-नॉट-थ्रीसारखी चीज न्हाई. तीनशे यार्डावर बिनचूक.” पण ते लष्करी काडतूस, साध्या माणसाला बंदी. लष्कराची गोळी नागरिकाच्या बंदुकीत बसता कामा नये, ही इंग्रजांची जुनी भीती होती. त्यांनी १९०७ साली .४५० बोअरच्या रायफलींनाही हिंदुस्थानात बंदी केली, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगोलग .४७०, .४६५ असे नवे बोअर काढले. वाघ-हत्ती तेच, नुसता आकडा बदलला. आमच्या वाट्याची तशीच तोड म्हणजे .३१५. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल आतून थ्री-नॉट-थ्रीचीच बहीण, काडतूस तेवढं वेगळं. हवालदार मग तीनशे पंधरावर आले.

इथं आकड्यांचा घोळ सांगून टाकतो, कारण तो शिकलेल्यांचाही होतो. रायफलीचा आकडा म्हणजे नळीचं तोंड इंचात. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, त्यानं गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. बारा बोअरचा हिशेब निराळाच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड तेवढी नळी. म्हणून बारापेक्षा वीस बोअर लहान. ही नळी आतून गुळगुळीत. काडतुसात बारीक छर्रे घाला, तितर पडतो, मोठे एल.जी. घाला, डुक्कर पडतं. पण सगळा खेळ चाळीस पावलांचा.

तिसरा उमेदवार होता .२२. स्वस्त, हलकी, आवाज कमी. तालुक्याच्या कचेरीतल्या एका कारकुनानं ती सुचवली. तिची गोळी पाव तोळ्याचीही नसते. वीस किलोच्या लांडग्याला ती लागली तरी तो पळून जातो आणि आठ दिवसांनी कुठंतरी घळीत मरतो. तात्यांनी एका वाक्यात ती उडवली: “जनावर मारायचं आसंल तर मारावं, सडवू नये.”

पुस्तकी शिकाऱ्यांची उदाहरणंही ओसरीवर यायची. कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल .२७५ रिग्बी भेट मिळाली होती, राजेरजवाडे .३७५ वापरत, वगैरे. हवालदारांना ते सगळं तोंडपाठ. आता वाटतं, त्या बोलण्यात आमच्या माळाचा काही संबंध नव्हता. कॉर्बेटच्या वाघामागं डोंगर असे, गोळी चुकली तर मातीत जाई. आमच्या लांडग्यामागं दुसरी वाडी होती.

आणि खरं सांगायचं तर निवड आमची नव्हतीच. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ च्या ऑक्टोबरात लागू झाला होता. पिकाच्या राखणीसाठी त्यानं शेतकऱ्याला देऊ केली ती ठासणीचीच बंदूक. ती पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी. .२२ ची तरतूद होती ती नेमबाजीच्या क्लबातल्या लोकांसाठी. मोठी रायफल मागायची तर तिचं कारण पटवून द्यायचं, आणि आमच्यासारख्याचं कारण कोण ऐकतो? तात्यांनी अर्जाला आज्जाच्या हाताची हकीकत जोडली. साताऱ्याला सात हेलपाटे झाले. शेवटी शिक्का पडला तो बारा बोअरवर. दोन नळ्यांची, जुनी, पुण्याहून आणली. त्यापायी एक दुभती म्हैस गेली. आई त्या बंदुकीला कायम ‘म्हस’च म्हणायची.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका धनगराचा वाडा आमच्या रानात बसला. खतासाठी बकरी बसवायची आमच्याकडं रीतच आहे. रात्रीमागं धान्य ठरतं. म्हातारा दर वर्षी यायचा, पण त्या साली तो रान बदलणार होता, कारण आमच्या अंगाला लांडग्याची जोडी फिरत होती. तात्यांनीच त्याला अडवलं. “बंदूक हाय घरात. बसव तू बिनघोर.”

तिसऱ्या रात्री कुत्री उठली. तात्या पळाले, मागं मी कंदील घेऊन. वाघरीची एक बाजू पडलेली, कोकरं पांगलेली. चांदणं चांगलं होतं. लांडगा पळाला नाही. तोंडात कोकरू धरून तो बांधापलीकडं गेला, उभा राहिला, वळून बघितलं. तात्यांनी बंदूक खांद्याला लावली, आणि खाली घेतली. पुन्हा लावली. उडवलीच नाही. म्हातारी ओरडत होती, “मारा की वो, मारा!” लांडगा सावकाश चालत गेला.

सकाळी मोजलं तर नऊ कोकरं गेलेली. दोन नेलेली, सात नुसती फाडून टाकलेली. हवालदार आले. तात्या जिथं उभे होते तिथून बांधापर्यंत त्यांनी पावलं टाकली. एकशे तीस. “तात्या, म्या सांगत हुतो. तीनशे पंधरा आसती तर ह्यो इथंच आडवा हुता.”

तात्या काही बोलले नाहीत. हवालदारांना घेऊन ते बांधावर गेले, मीही गेलो. तिथून सरळ रेषेत, लांब उताराला, म्हाताऱ्याच्या थोरल्या लेकाचं बिऱ्हाड उतरलं होतं. दोन घोडी, पालाची राहुटी, बाहेर तीन पोरं शेकत बसलेली. रात्री ते आम्हाला दिसलं नव्हतं. .३१५ ची गोळी सव्वा तोळ्याहून जड. ती लांडग्यातून आरपार गेली असती, चुकली असती तर मैलभर गेली असती. तात्या एवढंच म्हणाले, “हवालदार, ती हातात आसती तर म्या चाप वढला आसता.”

हवालदारांनी त्यानंतर ओसरीवर बोअरची गोष्ट काढली नाही.

म्हाताऱ्याला तात्यांनी नऊ कोकरांचे पैसे देऊ केले. त्यानं घेतले नाहीत. “लांडग्याचा वाटा आसतोय, तात्या. पर तुमी आडवलं नसतं तर म्या हितं नसतो.” पुढची तीन वर्षं तो आमच्या रानात बसला नाही. त्या वाक्यानं तात्यांचं जेवण बरेच दिवस तुटलं होतं. बाजरी पडली ती खताअभावी असं ते म्हणत, मला ते तेवढंच खरं वाटत नाही.

ती जोडी शेवटी कुठल्याच बोअरनं मेली नाही. कुणीतरी मेलेल्या मेंढीत विष घातलं. लांडगे मेले, त्यांच्याबरोबर धनगरांची दोन कुत्री आणि कितीतरी गिधाडं. विषाला परवाना लागत नव्हता. इंग्रजांच्या काळात तर लांडग्याच्या डोक्याला सरकारी बक्षीस असे. इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांवर लांडगे मारले गेले. हे वाचलं तेव्हा मला आमची जोडी त्या हिशेबाच्या शेपटाला लागलेली दिसली.

१९७२ साली वन्यजीव कायदा आला, तोच दुष्काळाचा काळ. खडी फोडायला गेलेल्या माणसांना लांडग्याचं कुणी काही विचारलं नाही. आज लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. मेंढीचे दिवसही पालटले. फलटणलाच निंबकर संस्थेनं जुळी देणारी सुवर्णा मेंढी तयार केली. कोकरू महाग झालं, म्हणजे लांडग्याचा घासही महाग झाला. धनगर आता पंचनाम्यासाठी वनखात्याला फोन लावतात. भरपाई मिळते, कधी उशिरा मिळते.

बंदूक अजून आहे. तात्यांच्या मागं परवाना माझ्या नावावर झाला. दर निवडणुकीला ती पोलिस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर आणायची. ह्याच प्रवासात तिची नळी झिजली म्हणायची. माझा पुतण्या मागच्या महिन्यात म्हणाला, “काका, ही देऊन टाका, आन् चांगली रायफल बघू. रानडुकरं लई झाल्याती.” कुठला बोअर, म्हणून मी विचारलं. त्यानं मोबाइलवर दोन-तीन आकडे दाखवले.

मी त्याला चप्पल घालायला सांगितली आणि बांधावर घेऊन गेलो. उताराला आता राहुटी नाही, चार पक्की घरं आहेत आणि शाळेची एक खोली. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “तात्या नेमकं कुठं उभं हुतं?”

मी पावलं मोजायला लागलो.