घरच्या पडद्याची निवड

माहुलच्या कोळीवाड्यात कामाची वेळ भरती-ओहोटी ठरविते. घरी चित्रपट पाहण्याची वेळ मात्र एके काळी वरळीचे केंद्र ठरवी. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा संच मोजक्या घरी आणि प्रेक्षक थेट दारापर्यंत. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. दाखवतील ते पाहावयाचे! 'चिमणराव' मालिकेमुळे दिलीप प्रभावळकर घरोघरी पोचले, यात गुणाचा वाटा मोठा, हे खरे. पण तेव्हा दुसरे केंद्रच नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंगीत चित्र आले, त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटही, आणि निवड प्रथमच आपल्या हाती आली. एका रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणावयाचे तर वर्गणी हवी. वर्गणी आली की मतभेद आलाच. म्हाताऱ्यांना पौराणिक हवे, पोरांना मारामारीचे. बायकांना बहुधा कोणी विचारीतच नसे. तरीही हा तंटा आम्हांस मोलाचा वाटतो. आपली आवड चार शेजाऱ्यांपुढे मांडून पटवावी लागे.

आज ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आहे. होडी लोटावयाची वेळ झाली की चित्रपट मध्येच थांबविता येतो, परतल्यावर तेथूनच पुढे. वरळीला विचारावे लागत नाही, आणि शेजाऱ्यालाही नाही.